जळत्या जहाजावर उतरणारी माणसे

१४ एप्रिल हा महाराष्ट्रात प्रथम बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचा दिवस. याच तारखेला, १९४४ साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या मालवाहू जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला धावलेले मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यात गेले. देशभर आज अग्निशमन सेवा दिन आणि पुढे आठवडाभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो, तो त्यांच्यामुळे. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयातील स्मारकाला मानवंदना होईल, शाळा-कचेऱ्यांत प्रात्यक्षिके होतील. गॅस सिलिंडर, विजेच्या तारा, उंच इमारतींचे अडवलेले जिने यांबद्दल सूचना दिल्या जातील आणि त्या हव्यातच. परंतु ते ६६ जण कुठल्या इमारतीत गेले नव्हते. ते एका जहाजाशी झुंजताना गेले. ज्या दिवसाची मुळे गोदीत आहेत, त्या दिवशीही समुद्रावरच्या आगीचा विषय सहसा निघत नाही. आज तो मुद्दाम काढायचा आहे.

‘फोर्ट स्टिकीन’ १२ एप्रिलला गोदीत लागले. इंग्लंडमधील बर्कनहेडहून कराचीमार्गे आलेले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा, कराचीला चढवलेल्या कापसाच्या गासड्या, लाकूड, वंगणतेलाची पिंपे आणि सोन्याच्या लगडी. १४ तारखेच्या दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या मालकक्षातून धूर येऊ लागला. शेजारच्या जहाजांवरील काहींना तो आधीच दिसला होता. ज्यांचे जहाज त्यांना ठाऊक असेलच, असे समजून ते गप्प राहिले. स्फोटके असल्याची खूण सांगणारा लाल बावटाही जहाजावर नव्हता. बंब आले, नळ्या ओढल्या गेल्या, ९०० टनांहून अधिक पाणी आत गेले. खाली कापूस जळत होता, वर स्फोटके रचलेली होती. आगीचे नेमके ठिकाण कळले ते जहाजाच्या बाहेरच्या पत्र्यावरचा रंग फोड येऊन सुटू लागला तेव्हा. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद उमटली. गोदी कामगार, खलाशी, आसपासच्या वस्त्यांतील माणसे मिळून किती गेली याचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात.

त्या दुपारी पाणी कमी पडले नाही आणि धैर्य तर नाहीच. धक्क्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांपैकी कुणी म्हणाले, जहाज इथेच बुडवा. कुणी म्हणाले, ओढून समुद्रात न्या. जहाजाचे इंजिन दुरुस्तीसाठी उघडलेले होते, त्यामुळे ते स्वतःच्या बळावर हलू शकत नव्हते. सर्वांनी मान्य करावा असा शब्द कुणाचा, हे ठरलेले नव्हते आणि जहाजाच्या पोटात नेमके काय, कुठे, किती तापले आहे हे वेळेत सांगणारे कुणी नव्हते. त्या अनिर्णयात दोन तास गेले. जवान मात्र नळ्या सोडून हटले नाहीत.

संकटातल्या जहाजावर माणसे पोहोचवू शकणारे यंत्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. त्याच एप्रिलच्या अखेरीस, आसामातील लालाघाटच्या तळावरून गेलेले एक अमेरिकी सिकोर्स्की हेलिकॉप्टर ब्रह्मदेशाच्या जंगलात अडकलेल्या चौघांना बाहेर काढत होते. एक वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक. युद्धातील हेलिकॉप्टर-बचावाची ती पहिली घटना मानली जाते. त्या यंत्राची ताकद इतकी तुटपुंजी होती की वैमानिकाशिवाय एकालाच घेता येई. म्हणून फेऱ्या मारून एकेकाला आणले गेले. पुढच्या वर्षी २९ नोव्हेंबरला अमेरिकेतील कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडलेल्या तेलाच्या बार्जवरून दोघांना दोराने वर ओढून घेतले गेले. समुद्रावरील बचावात हेलिकॉप्टर आले ते असे. त्याचा मूळ धर्म एक-एक माणूस उचलण्याचा आणि एक-एक माणूस ठेवण्याचा. आठ दशकांत इंजिने कितीतरी पटींनी मोठी झाली, तरी हा धर्म बदललेला नाही. समुद्रावरच्या आगीचे नियोजन करताना नेमके हेच विसरले जाते.

९ जून २०२५ ची घटना वाचकांच्या स्मरणात असेल. कोलंबोहून आपल्या न्हावा-शेवा बंदराकडे निघालेले ‘वान हाय ५०३’ हे सिंगापूरचे कंटेनर जहाज केरळच्या किनाऱ्यापासून दूर पेटले. सुमारे पावणेतीनशे मीटर लांब जहाज, त्यावर २२ माणसे. १८ जण वाचले, त्यांना नौदलाच्या ‘आयएनएस सुरत’ने मंगळुरूला आणले; चौघे बेपत्ता झाले. तटरक्षक दलाची जहाजे दिवसरात्र पाण्याचे झोत मारत राहिली. वायुदलाच्या हेलिकॉप्टरने आग विझवणारी कोरडी रासायनिक पूड वरून टाकली. तरीही जहाज धुमसत राहिले आणि पावसाळी वारा त्याला किनाऱ्याकडे ढकलू लागला. त्याच्या पोटात घातक रसायनांचे कंटेनर आणि जहाजाचे स्वतःचे इंधन होते. ते केरळच्या किनाऱ्याला लागले असते तर कोळ्यांच्या कित्येक हंगामांचे नुकसान झाले असते.

१३ जूनला कोचीहून नौदलाचे सी किंग हेलिकॉप्टर उडाले. खराब हवेत, धुरातून, त्याने साल्व्हेज पथकाची, म्हणजे संकटातले जहाज सावरणाऱ्या पथकाची, माणसे जहाजावर उतरवली. त्या माणसांनी ६०० मीटर लांबीचा दोर ‘ऑफशोअर वॉरियर’ या टगला जोडला आणि जहाज किनाऱ्यापासून लांब ओढायला सुरुवात झाली. आग त्यानंतरही संपली नाही, जुलैत ती पुन्हा उफाळली. पण संकटाची दिशा फिरली ती त्या दोराने, आणि दोर बांधला गेला तो डेकवर माणसे पोहोचली म्हणून. त्या आठवड्यातल्या बातम्यांत झोत आणि धुराचे लोटच अधिक दिसले. धुरातून दोराला लटकून खाली जाणारा माणूस कॅमेऱ्यात येत नाही.

इथे थोडा हिशेब मांडला पाहिजे, कारण हेलिकॉप्टर म्हटले की वरून पाणी ओतण्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. जंगलातल्या वणव्यासाठी एमआय-१७ सारख्या मोठ्या हेलिकॉप्टरखाली जी बादली लटकवतात, तिच्यात साधारण तीन-साडेतीन हजार लिटर पाणी मावते. आग विझवण्यासाठी सज्ज असलेल्या समुद्री टगचे पहिल्या श्रेणीचे पंप तासाला २४ लाख लिटर पाणी फेकतात. म्हणजे बादलीभर पाणी हे त्या पंपांचे सुमारे पाच सेकंदांचे काम. शिवाय बादली उंचावरून सोडली की बरेचसे पाणी वाऱ्यावर जाते आणि खाली उरते ते कंटेनरच्या लोखंडी छपरावर पडते. आग असते त्या छपराखाली, आठ-दहा थरांच्या आत. पुडीचेही तसेच. ती ज्वाळेची रासायनिक साखळी तोडते, पण तापलेले लोखंड थंड करत नाही. आच आतून टिकून राहिली की आग परत धरते. सप्टेंबर २०२० मध्ये श्रीलंकेच्या पूर्वेला ‘न्यू डायमंड’ हे तेलवाहू जहाज पेटले. कुवेतहून पारादीपला येणारे सुमारे २ लाख ७० हजार टन कच्चे तेल त्यात होते. श्रीलंकेच्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी बादल्यांनी पाणी टाकले, आपल्या तटरक्षक दलाच्या आणि नौदलाच्या जहाजांनी मोठे काम केले आणि तेलाच्या टाक्या वाचल्या. हवेतून पडलेले पाणी तिथे वाया गेले असे कुणी म्हणणार नाही. जहाज खूप दूर असेल, टग पोहोचायला दिवस लागणार असेल, तेव्हा बादलीही हवी. परंतु तिच्यावर योजना उभी करता येत नाही.

आणि पाण्याचीही एक मर्यादा आहे. जहाजावर ओतलेले पाणी रस्त्यावरच्या गटारात वाहून जात नाही; ते जहाजातच साठते आणि लाटेबरोबर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर हेलकावते. फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्क बंदरात ‘नॉर्मंडी’ या प्रचंड प्रवासी जहाजाला आग लागली, अग्निशामक नौकांनी ती विझवली आणि त्या पाण्याच्याच भाराने जहाज धक्क्याशी उलटले. आत किती पाणी घ्यायचे, कुठले दार बंद करून हवा तोडायची, कुठल्या भिंती बाहेरून थंड ठेवायच्या म्हणजे आग पुढच्या कक्षात जाणार नाही, कार्बन डायऑक्साइड केव्हा सोडायचा आणि सोडल्यावर किती वेळ कुणाला आत जाऊ द्यायचे नाही, हे सारे निर्णय जहाजावर उभे राहून घ्यावे लागतात. थकलेले, धुराने कोंडलेले, आपला सोबती कुठे आहे हे न कळलेले वीस-बावीस खलाशी ते एकटे घेऊ शकत नाहीत. हल्ली अजस्र जहाजे मोजक्या माणसांवर चालतात. मालक त्याला काटकसर म्हणत असतील. आग लागल्यावर त्या काटकसरीची किंमत खलाशी मोजतात.

२९ जून २०२५ ला ओमानच्या आखातात ‘यी चेंग ६’ या तेलवाहू जहाजाच्या इंजिन कक्षात मोठी आग लागली, वीजपुरवठा पूर्ण बंद पडला. कांडल्याहून ओमानमधील शिनासला निघालेल्या या जहाजावरचे चौदाही जण भारतीय होते. गस्तीवर असलेली ‘आयएनएस तबर’ धावली. तिने आपले अग्निशमन पथक आणि सामग्री छोट्या बोटीने आणि हेलिकॉप्टरने त्या जहाजावर पोहोचवली. काही खलाशांना लगेच बाहेर काढले. कप्तान आणि उरलेले मागे थांबले. नौदलाचे तेरा जवान आणि जहाजाचे पाच जण मिळून आगीशी झुंजले आणि आग आटोक्यात आली. यात कुठलेही थक्क करणारे तंत्रज्ञान नव्हते. शिकलेली माणसे, त्यांची श्वसनयंत्रे, फोम, नळ्या योग्य वेळी डेकवर आली, एवढेच घडले आणि तेवढ्याने काम झाले.

वाचायला हे सोपे वाटते. जळत्या जहाजावर माणूस उतरवणे हे आकाशातल्या सर्वांत कठीण कामांपैकी एक आहे. पंख्याचा वारा खाली आदळून आगीला फुंकर घालू शकतो, म्हणून वाऱ्याची बाजू पाहूनच जवळ जावे लागते. धुरातली तापलेली हवा विरळ असते, तिच्यात हेलिकॉप्टरचे बळ घटते आणि तोच धूर इंजिनात जातो. खाली डोलकाठ्या, क्रेन, तारा, कंटेनरच्या थप्प्या. वीज गेलेले जहाज लाटांवर वेडेवाकडे लोळत असते, त्यामुळे जिथे पाय टेकायचा ती जागा क्षणात काही मीटर वर येते, क्षणात खाली जाते. उडताना हेलिकॉप्टरच्या अंगावर स्थिर वीज साठते. हुक किंवा दोर आधी जहाजाच्या लोखंडाला टेकू द्यायचा आणि मगच हात लावायचा, नाहीतर झटक्याने माणूस आडवा होतो. जवानाच्या पाठीवरचा हवेचा सिलिंडर कष्टाच्या कामात अर्ध्या तासाच्या आसपास पुरतो. म्हणजे एकामागून एक सिलिंडर उतरवत राहावे लागतात, आणि तोवर इंधनाचा काटा खाली येत असतो. किनाऱ्यापासून ऐंशी किलोमीटरवर घिरट्या घालणाऱ्या वैमानिकाला परतीचे इंधन राखूनच प्रत्येक मिनिट खर्चावे लागते. विंचची दोरी सोडणारा, दाराशी पोटावर पडून खाली पाहत वैमानिकाला ‘एक मीटर डावीकडे, थांब, अर्धा पुढे’ असे सांगत राहणारा जवान, त्याच्या आवाजावर विसंबून यंत्र स्थिर धरणारा वैमानिक आणि दोरावरचा माणूस: तिघांपैकी एकाचा अंदाज चुकला तर तिघांचाही जीव जाऊ शकतो.

शहरातला कसलेला फायरमन शौर्यात कुणाला हार जात नाही. पण आयुष्यात कधी विंचवर न लटकलेल्या माणसाला धुराच्या खाईत सोडणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि जहाजाची आग कधी न पाहिलेल्या निष्णात विंच-जवानाला आगीत पाठवणे हाही अन्यायच. दोन्ही विद्या एका अंगात उतरवाव्या लागतात. त्या ऐन संकटात उतरत नाहीत.

७ एप्रिल १९९० च्या पहाटे ऑस्लोहून डेन्मार्कला जाणाऱ्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजाला आग लागली आणि १५९ माणसे गेली. कप्तान जहाज सोडून गेला तेव्हा आत प्रवासी होते. स्वीडनमधल्या योटेबोरी शहराच्या अग्निशामक दलाचे जवान हेलिकॉप्टरने त्या जहाजावर उतरले. आत अजून माणसे आहेत हे वास्तव उलगडले ते त्यांच्यासारख्या आत शिरलेल्यांमुळे. उत्तर युरोपातील समुद्रकाठच्या देशांनी पुढे या कामाची कायम घडी बसवली. स्वीडन, फिनलंड, नेदरलँड्स येथे शहरांच्या अग्निशामक दलांतले निवडक जवान यासाठी तयार ठेवलेले असतात. रोजची त्यांची नोकरी शहरातलीच. संदेश आला की ठरलेल्या मैदानावरून हेलिकॉप्टर त्यांना उचलते, सामग्रीच्या वजन केलेल्या पिशव्या आधीच भरलेल्या असतात. आग विझवता येईल की प्रवासी उतरवायचे, हा अंदाज जहाजावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या दोघा-तिघांनी द्यायचा असतो आणि त्यावर उरलेली मोहीम हलते. आमच्या मते या सगळ्या रचनेतले सर्वांत मोलाचे काम तेच.

ब्रिटनची गोष्ट मात्र आपण नीट ऐकावी. २००६ मध्ये तिथे किनाऱ्यालगतच्या अग्निशामक दलांतून अशीच पथके उभी राहिली. पाच-सहा वर्षांतच सरकारी खर्चकपातीत त्यांचा निधी थांबला आणि व्यवस्था विसकटली. पुढे काही मोजक्या दलांनी मिळून ती लहान रूपात पुन्हा बांधली. समुद्रावरची मोठी आग रोज लागत नाही. दहा वर्षे लागली नाही तर अंदाजपत्रक लिहिणाऱ्याला पथक निरुपयोगी वाटते आणि अकराव्या वर्षी ते नसते.

तयारी अपुरी पडली की काय होते, याची कडू आठवण आपल्या समुद्रानेही आपल्याला दिलेली आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे मुंबईकराला तोंडपाठ आहे. दुसऱ्या दिवशी, शहर अजून पाण्यात असताना, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय तेलक्षेत्राच्या उत्तर फलाटावर काय घडले, हे फार कमी जणांना आठवते. ‘समुद्र सुरक्षा’ या साहाय्यक जहाजावरच्या एका आचाऱ्याची दोन बोटांची टोके कापली गेली. एरवी अशा जखमीला हेलिकॉप्टरने नेले असते. किनाऱ्यावरच्या पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टरे जमिनीवर होती. म्हणून त्याला उपचारांसाठी क्रेनने फलाटावर चढवायचे ठरले आणि त्यासाठी जहाज फलाटाजवळ आणले गेले. जहाजाच्या यंत्रणेत बिघाड होता, ते हाताने नियंत्रित करत मागच्या बाजूने आणले जात होते. उसळत्या समुद्रात ते फलाटाला धडकले. जहाजाचा हेलिकॉप्टर उतरण्याचा मंच वायू वाहणाऱ्या उभ्या नळीवर आदळला, नळी फुटली आणि वायूने पेट घेतला. दोन तासांच्या आत सगळा फलाट समुद्रात कोसळला. ३८४ पैकी ३६२ माणसे वाचवली गेली, २२ गेली. ‘समुद्र सुरक्षा’वरील दाबकक्षात सहा पाणबुडे होते. जहाज सोडताना त्यांना बाहेर काढणे शक्य नव्हते. ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. ते जहाजही पुढे बुडाले.

त्या घटनेत हेलिकॉप्टर आग विझवायला हवे होते असे नाही. ते आगीच्या आधी हवे होते, एका आचाऱ्याच्या बोटांसाठी. आणि त्या हवेत वैमानिकांनी उड्डाण केले नाही यात त्यांचा काडीमात्र दोष नाही. मुद्दा वेगळा आहे. मुंबई हाय जुलैत पेटला. ‘मर्स्क फ्रँकफर्ट’ हे मुंद्र्याहून कोलंबोला निघालेले कंटेनर जहाज १९ जुलै २०२४ ला कारवारपासून काही अंतरावर पेटले; तटरक्षक दलाची जहाजे आणि गोव्याच्या तळावरची विमाने तिकडे धावली, एक खलाशी दगावला. ‘वान हाय’ जूनमधले. आपल्या किनाऱ्याच्या या तीन मोठ्या आगी ज्या महिन्यांत लागल्या ते महिने आषाढ-श्रावणाच्या आसपासचे आहेत, आणि सराव मात्र स्वच्छ उन्हात, पाहुण्यांच्या मांडवासमोर होतात. पावसात उडता येईल अशी यंत्रे, अशी उपकरणे, तशा सरावलेल्या जोड्या आणि ‘आज उडायचे नाही’ असे ठरले तर त्या दिवशी काय करायचे याची लिहिलेली दुसरी योजना, एवढे तरी मुंबई हायच्या त्या २२ जणांच्या नावाने व्हायला हवे होते.

या कामात उडणाऱ्यांनीही प्राण दिले आहेत. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरजवळ ‘हरी लीला’ या तेलवाहू जहाजावरील जखमी खलाशाला आणायला गेलेले तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. चौघांपैकी एकच वाचला. एका अनोळखी माणसासाठी तिघे गेले. पाच महिन्यांच्या आत, ५ जानेवारी २०२५ ला, पोरबंदर विमानतळावर आणखी एक ध्रुव कोसळले, आणखी तिघे गेले. त्यानंतर ध्रुवचा सगळा ताफा जमिनीवर ठेवण्यात आला आणि नौदल-तटरक्षक दलाच्या ध्रुवांना पुन्हा उडायला फार काळ थांबावे लागले. ‘वान हाय’ पेटले त्या पावसाळ्यात तटरक्षक दलाच्या भात्यातले हे मुख्य अस्त्र म्यानात होते, आणि कामी आले ते नौदलाचे जुने सी किंग. एकाच जातीच्या यंत्रावर किनारा विसंबून ठेवला, की त्या यंत्रातला एक दोष सगळा किनारा उघडा पाडतो. खरेदीच्या फायली हलवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. हेलिकॉप्टरची संख्या सांगणे पुरेसे नाही. कुठल्याही एका दिवशी, रात्री दोन वाजता, पावसात, विंचसह उडू शकतील अशी किती, हा खरा आकडा.

आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. कुलाब्याला ‘आयएनएस शिक्रा’ हा नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे. मुंबईतच तटरक्षक दलाचे सागरी बचाव समन्वय केंद्र आहे. १५५४ हा त्यांचा क्रमांक कोळ्यांच्या प्रत्येक नौकेवर रंगवलेला असायला हवा. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’ येथे नौदलाचे जवान जहाजाच्या आगीशी झुंजायला शिकतात. गोव्यात बेतुलला ओएनजीसीचे समुद्री बचाव प्रशिक्षण केंद्र २०२४ मध्ये सुरू झाले; पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसे पडायचे हे तिथे प्रत्यक्ष शिकवता येते. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. आपले राज्य आणि शेजारचा गोवा मिळून जितक्या संस्था आहेत, तितक्या देशात दुसरीकडे क्वचितच असतील. नौदल, तटरक्षक दल, तेल कंपनी आणि केंद्रीय गृह मंत्रालय हे त्यांचे चार मालक. कमी आहे ती त्यांना जोडणारी सही.

आमची मागणी साधी आहे. मुंबई, रायगड, रत्नागिरी आणि गोवा येथील अग्निशामक दलांतून तीस-चाळीस जवान स्वेच्छेने निवडावेत. त्यांना लोणावळ्याला जहाजाची आग शिकवावी, बेतुलला पाण्याखालून सुटायला शिकवावे आणि मग कुलाब्याच्या वैमानिकांबरोबर महिन्या-दोन महिन्यांनी विंचवर लटकवावे. त्यांच्यासाठी विम्याची, भत्त्याची आणि अपघात झाल्यास कुटुंबाच्या पोटापाण्याची तरतूद आधी व्हावी, नंतर नव्हे. खर्च कोण करणार, हा प्रश्न लगेच येईल. जवाहरलाल नेहरू बंदरातून वर्षाला ७० लाखांहून अधिक कंटेनर-एकके जातात. त्या प्रत्येकावर अगदी किरकोळ आकार लावला तरी पथक चालेल, आणि जळण्याची शक्यता असलेला माल नेणाऱ्याने तो विझवण्याच्या तयारीचा भार उचलणे न्याय्यच आहे. कंटेनरमध्ये काय आहे हे खोटे लिहिणाऱ्याला तर कडक दंड व्हावा. डेकवर उतरणाऱ्या जवानाच्या हातात मालाची यादी असते. तिच्यावर विश्वास ठेवूनच तो दार उघडतो.

आणि कुणाच्या शब्दाने मोहीम चालेल, हे आजच कागदावर यावे. बंदराच्या हद्दीत एक, बाहेर दुसरा, तेलफलाटाजवळ तिसरा, असे चालणार नाही. समुद्रात शोध आणि बचावाची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आहेच. त्याच्या समन्वय केंद्रातील कर्तव्यावरील अधिकाऱ्याला, मंत्रालयातून फोन यायची वाट न पाहता, शहरातले जवान उचलण्याचा अधिकार हवा.

या बोलण्यात कोळी बांधवांना विसरता येणार नाही. किनाऱ्यालगत नौका पेटली की पहिली मदत पोहोचते ती शेजारच्या नौकेची. फेब्रुवारी २०२५ मध्ये अलिबागजवळ अक्षीच्या समोर मासेमारीची नौका जळून गेली, सुदैवाने माणसे वाचली. अशा नौकांवर गॅसची शेगडी, डिझेल, नायलॉनची जाळी सारे एकत्र असते, आणि आग विझवायचे साधन म्हणजे बहुतेकदा एक छोटा सिलिंडर. हेलिकॉप्टर आकाशात दिसेपर्यंतची पहिली वीस मिनिटे तांडेलाच्या हातात असतात. त्याला दोर कसा पकडायचा, डेक कसे मोकळे करायचे, लोंबत्या हुकाला आधी हात का लावायचा नाही, हे मच्छीमार सोसायट्यांच्या मार्फत मराठीत शिकवले, तर तो बचावाच्या मोहिमेतला जवानच होईल.

डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे, जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांसाठी बांधले जाणारे बंदर. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध आहे आणि त्यांचे म्हणणे वेगळ्या अग्रलेखाचा विषय आहे. पण बंदर होणारच असेल, तर वीस-वीस हजार कंटेनरांची जहाजे आपल्या दारात येतील, आणि त्यातले एखादे पालघरच्या समोर, जुलैच्या रात्री, धूर ओकू लागेल, हे गृहीत धरूनच आराखडा व्हायला हवा. हेलिकॉप्टरचा तळ, इंधनाची सोय, जवानांची खोली, पिशव्या भरून ठेवण्याची शेड यांची जागा त्या नकाशावर कुठे आहे, ते बंदर प्राधिकरणाने पहिली क्रेन उभी राहण्यापूर्वी लोकांना दाखवावे. आणि येत्या पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेपूर्वी, रात्रीच्या वेळी, कुणाही पाहुण्याला न बोलावता एक सराव घ्यावा: मुंबईचा एक फायरमन भायखळ्याहून निघून तीस मैलांवरच्या जहाजाच्या डेकवर पाय टेकेपर्यंत किती मिनिटे लागतात, ते घड्याळ लावून मोजावे आणि जो आकडा येईल तो जाहीर करावा.